वाडग्यातला कौल

॥ बिरोबाच्या नावानं चांगभलं ॥

कवठे येमाई,
सोमवार, दि. ५ मार्च २००१

ती. सौ. पार्वती आत्यास,

प्रतिभाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मामांनाही नमस्कार. सुरज माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, त्याला नमस्कार जास्त होईल, त्याला नुसतं "काय रं" सांग.

इकडं सगळी खुशाली आहे. आबांचा खोकला उतरला, आईची कंबर आहे तशीच आहे, कांदा काढायला आलाय आणि शेळी व्याली, दोन करडं झाली. तुझ्या पायाचं प्लास्टर कधी काढणार ते कळव. खाज सुटते म्हणून विणायची सुई आत घालत जाऊ नकोस. मामांनी आम्हाला सगळं सांगितलंय.

आईचा हुकूम आहे की आता तुला 'अहो आत्या' म्हणायचं. "आता निस्ती आत्या न्हाई, सासू हाय ती," म्हणते. मी म्हटलं, समोर आल्यावर बघू, कागदावर तरी मला तू म्हणू दे.

तुला वाचता येत नाही, म्हणजे हे पत्र नेहमीसारखं सुरजच वाचून दाखवणार. सुरज, माझ्या पत्रात आपली वाक्यं घुसडू नकोस. दिवाळीच्या पत्रात दौंडच्या जिलेबीची आठवण येते असं मी कुठंही लिहिलं नव्हतं, तरी संक्रांतीला मामा किलोभर जिलेबी घेऊन हजर! खाल्ली, ती गोष्ट वेगळी.

तर पत्र लिहायला कारण काल रविवारचं. अगं, काय धमाल झाली, तू हवी होतीस! मामांनी घरी आल्यावर सांगितलं असेलच, पण मामांचं सांगणं मला माहीत आहे. "गेलो, कौल लावला, फिसकटलं, आलो." झालं. चार शब्दांत अख्खी जत्रा. फोन करणार होते, पण बूथवाला काचेला कान लावून बसतो, त्याला फुकटचा तमाशा कशाला. म्हणून बसले लिहायला.

तू लहानपणी त्या माळावर मेंढरं राखलीस, तुला काय सांगायचं. पण सुरजनं आपलं वाडगं कधी पाहिलं नाही, म्हणून त्याच्यासाठी लिहिते. मलठणच्या अंगाला जो उंच माळ आहे, त्यावर कमरेएवढ्या काळ्या दगडांचं मोठं रिंगण आहे. काही उभे, काही कललेले, दोन आडवे पडलेले. मधे नुसतं कुसळी गवत. त्याला आपल्यात देवाचं वाडगं, म्हणजे मेंढरं कोंडायचं आवार, म्हणतात. बिरोबानं तिथं आपली मेंढरं कोंडली आणि रात्रीतून त्यांचे दगड झाले. आणि त्या दगडांतलाच एक दगड म्हणजे खुद्द देव. त्याला शेंदूर नाही, डोळे नाहीत, काही नाही. आबा म्हणतात, "धनगर मेंढरात घोंगडं पांघरून बसला तर लांबून कुनाला वळखू येतो का? तसाच त्यो." देव कुठला ते घरातल्या थोरल्याला माहीत असतं. लग्न ठरवायचं झालं की आधी तिथं जाऊन कौल घ्यायचा, ही आपली रीत. तुझाही कौल तिथंच घेतला होता म्हणे, आणि कळी पडेना म्हणून मामा उन्हात ताटकळले होते. आबा अजून सांगतात आणि हसतात.

तर माझ्या आणि सुरजच्या लग्नाचा कौल काल होता. देवाला दोन्ही अंगांना कळ्या चिकटवायच्या, त्यातली उजवी आधी पडली तर वैशाखात लग्न, डावी पडली तर नाही. मामा सकाळच्या एसटीनं शिरूरला उतरले आणि तिथून दुसरी एसटी धरून आले. हौसराव पाटलांचा टेम्पो आबांनी आधीच सांगून ठेवला होता. टेम्पोत लापशीचं पातेलं, भंडाऱ्याची पिशवी, नारळ, पाण्याचं पिंप आणि पिंपाला मिठी मारून बसलेली आई. चढावर पिंप डुचमळायचं, आई ओली व्हायची आणि हौसरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. हौसराव पाटील माणूस, पण मान खाली घालून गाडी चालवत होते. आईपुढं सगळे सारखेच.

आणि वर पोचतो तर काय! आत्या, सगळं वाडगं पांढरंशुभ्र! प्रत्येक दगडाला चुना आणि खाली गेरूचा पट्टा. शाळेपुढच्या झाडांना मारतात ना, हुबेहूब तसा. कललेले दगड पहारीनं सरळ केलेले, पडलेले उभे केलेले, मधलं गवत काढून शेणानं सारवलेलं. आणि एका बाजूला ज्ञानदेव काका उभे, हातात कुंचा, मिशीला चुना, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू चंद्रावर जाऊन आले.

काका ग्रामपंचायतीत शिपाई आहेत हे तुला माहीत आहेच. सव्वीस जानेवारीच्या रंगकामातला चुना उरला होता. त्यांनी दोन दिवस एकट्यानं खपून हा उद्योग केला, कुणाला कळू न देता. "दाजी यायचं, कालिजच्या बाई यायच्या, देवाचं घर आसं कळकट बरं दिसतंय व्हय?" असं वर आम्हालाच विचारलं.

कॉलेजच्या बाई कोण, ते सांगायचं राहिलं. पुण्याच्या एका मोठ्या कॉलेजातल्या बाई आहेत, जुन्या वस्तूंचा अभ्यास करतात. डिसेंबरात येऊन वाडगं बघून गेल्या होत्या आणि मोजमाप घ्यायला परत येते म्हणाल्या होत्या. त्याही नेमक्या कालच आल्या. जीपमधून उतरल्या आणि जागच्या जागी थांबल्या. तीन हजार वर्षांचं काम असेल म्हणत होत्या त्या, आणि समोर बघतात तर आमच्या काकांचं दोन दिवसांचं काम! आधी डोक्याला हात लावला. मला वाटलं आता रडतात. पण त्या हसायला लागल्या, अशा हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. मग काकांना म्हणाल्या, "काका, मेहनत खूप घेतलीत हो." काका लाजले.

आबा मात्र हसले नाहीत. ते रिंगणाभोवती एक फेरी मारून आले, मग उलटी फेरी मारली आणि मटकन खाली बसले.

"ज्ञानू," म्हणाले, "आरं, देव कुठला?"

काका एकेका दगडाकडं बघत सुटले. कारण आपला देव कललेला होता, आणि कुठल्या अंगाला कलला होता त्यावरून आबा त्याला ओळखायचे. आता सगळे सरळ, सगळे पांढरे, सगळ्यांना गेरूचा पट्टा. मेंढरं कुठली आणि धनगर कुठला, काही कळेना. मामा म्हणाले, सूर्याकडचा. आई म्हणाली, वाटेकडचा, "माझ्या लग्नात मी ठेचकाळले हुते त्याला, मला चांगलं याद हाय." काकांना विचारावं तर ते म्हणाले, सरळ करायच्या नादात ध्यान राहिलं नाही. आबांनी काकांना जे सुनावलं ते मी लिहीत नाही, सुरजला वाचायला लाज वाटेल.

मोठी माणसं भांडत होती तोवर बाईंनी मला टेपचं एक टोक धरायला दिलं. आत्या, काय सांगू! रिंगणाच्या मधोमध खुंटी ठोकली, तिथून प्रत्येक दगडापर्यंत टेप लावायचा, आकडा मोठ्यानं सांगायचा, की त्या कागदावर टिंब काढणार. बघता बघता कागदावर वाडगं उमटलं. वरून घारीला दिसेल तसं! मी जन्मापासून तिथं जाते, पण ते इतकं गोल आहे हे मला कालच कळलं. कुणी, कशानं आखलं असेल, दोरी लावली असेल का, असं मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, हाच प्रश्न त्यांनाही पडलाय. मला जे विचारावंसं वाटतं तेच इतक्या शिकलेल्या बाईंच्या डोक्यात! मला दिवसभर उड्या माराव्याशा वाटत होत्या.

मग आईनं बाईंना विचारलं की हे मुळात केलं कशाला असेल. बाई सरळ स्वभावाच्या, म्हणाल्या की अशा रिंगणांखाली कधी कधी माणसं पुरलेली सापडतात. आईच्या हातातला लापशीचा डाव तसाच राहिला.

"आगं बया! म्हंजी आपुन मसनवट्यात लगीन इचारतोय व्हय?"

त्यावर आबा शांतपणे म्हणाले, "आसंना का. आपलंच कोनीतरी आसंल. लगीन घरच्यांस्नी नाय इचारायचं तर कुनाला इचारायचं?" बाईंनी ते वाक्य लिहून घेतलं. आबांनी एकदम फेटा सारखा केला. त्यानंतर ते जरा जास्तच बोलायला लागले.

शेवटी आबांनीच निकाल लावला. डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले आणि एका दगडापाशी जाऊन बसले. "ह्योच," म्हणाले. दगडाच्या माथ्याला दोन्ही अंगांना पाण्यानं कण्हेरीच्या कळ्या चिकटवल्या. पण चुना सगळं पाणी पिऊन घेत होता आणि कळ्या अशा घट्ट बसल्या की पडायचं नाव नाही! आबा देवाला विनवतायत, मामा घड्याळ बघतायत, आई म्हणतेय हळू बोला, आणि मी समोर बसलेली. बऱ्याच वेळानं एक कळी सुटली.

उजवी.

चांगभलं! असा भंडारा उधळला की बाईंचा चष्मा पिवळा झाला. मामांनी आबांना मिठी मारली. आणि तेवढ्यात मागून ज्ञानदेव काका म्हणतात, "दादा, पर ह्यो त्यो न्हाईच की. कललेला मी ततं पल्याड सरळ केला हुता, आत्ता ध्यानात आलं." मग पुन्हा जुंपली. कललेले दगड दोन होते की तीन, यावरच लापशी गार झाली. अखेर असं ठरलं की कालचा कौल धरायचा नाही. काकांनी सगळा चुना घासून काढायचा, आबांनी खुणेनं देव ओळखायचा आणि येत्या रविवारी कौल पुन्हा लावायचा. आज सकाळपासून काका काथ्या आणि पाण्याचा डबा घेऊन माळावर आहेत. बाईंनी काथ्या हळू चालवायचा असं त्यांना बजावलंय, म्हणून एकेक दगड ते बाळाला न्हाऊ घालावं तसा धुतायत, असं हौसराव सांगत होते.

तर अशी आमची सहल झाली. तू पाय जप. होळीला पुरणपोळीचा पहिला घास तुझ्या नावानं खाईन.

मंगळवार, दुपार

आत्या, कालचं पत्र पाकिटात घालून मी डिंक लावला होता. पोस्टापर्यंत गेले आणि परत आले. घरी येऊन पाकीट फाडलं. वर लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण त्यात एक गोष्ट नाही, आणि तीच लिहायची होती.

सुरज, इथून पुढचं आत्याला जसंच्या तसं वाच. घुसडू नकोस आणि गाळूही नकोस. आधी मनात आलं होतं की पत्र तुमच्या शेजारच्या जाईबाईंच्या नातीकडून वाचून घ्यायला सांगावं. पण तुझ्याविषयीची गोष्ट तुझ्या पाठीमागं कुणाकडून तरी वाचवून घ्यायची, हे मला बरं वाटलं नाही. तुझ्याच तोंडानं वाच.

आत्या, परवा कळी पडल्यावर आबांनी मला त्या दगडाच्या पाया पडायला सांगितलं. मी वाकले आणि हात दगडामागं गेला. तुला माहीत नाही, पण आपली मेंढरं होती तेव्हा आबा मला दुपारी देवाला टेकवून सावलीत बसवायचे आणि मेंढरांमागं जायचे. त्या दगडाला मागून, जमिनीलगत, मुठीएवढी खोबण आहे. मी त्यात चिंचोके लपवायचे. परवा चुन्याखाली माझ्या बोटांना ती खोबण लागली. दुसऱ्या कुठल्याही दगडाला ती नाही. चिंचोके लपवायला तेव्हा मी सगळे दगड मागून-पुढून धुंडाळले होते ना, म्हणून खात्रीनं सांगते.

आबांनी डोळे मिटून जो दगड निवडला तो बरोबर होता. तोच देव. काका चुकले. कौल खरा होता आणि उजवा होता.

माझ्याभोवती सगळे भांडत होते आणि मी उभी राहून ऐकत होते. एक शब्द बोलले असते तर भांडण तिथंच मिटलं असतं. मी बोलले नाही. पुढच्या रविवारी कदाचित डावी कळी पडेल, असं मनात आलं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. घरी येईपर्यंत टेम्पोत मी हसत होते. आईला वाटलं लग्नाच्या आनंदात आहे.

मला सुरजशी लग्न करायचं नाही.

लिहिलं. आता हात हलका झाला.

सुरज, तुझ्यात काही खोट नाही. तू दौंडला रेल्वेत चिकटलास, निर्व्यसनी आहेस, आईला पत्र वाचून दाखवणारा मुलगा आहेस, तुला कुणीही मुलगी देईल. तुझ्या मनात काय आहे तेही मला दिसतं, मी आंधळी नाही, म्हणून तर हे लिहायला दोन दिवस लागले. पण मी बारा वर्षांची होईपर्यंत तुला सुरजदादा म्हणत होते. मग एक दिवस आत्या हसत म्हणाली, "आगं, दादा म्हनू नगं त्याला, पुढं आवघड जाईल." सगळे हसले, मीही हसले. दादा म्हणणं बंद झालं. नजर मात्र तीच राहिली. मी खूप प्रयत्न केला, पण ती बदलत नाही.

आत्या, तुला वाटेल हिला त्या पुण्याच्या बाईंनी फूस लावली. तसं नाही. पाबळच्या शाळेत वर्षाचा एक कोर्स आहे, मोजणी, वायरिंग, जमिनीतलं पाणी शोधायचं, असलं सगळं शिकवतात. त्याचा अर्ज मी जानेवारीतच आणलाय, आणि जूनपासून मला जायचंय. परवा टेप हातात घेतल्यावर तर आणखीच जायचंय. पण तो कोर्स नसता तरी मी हेच लिहिलं असतं. दोन गोष्टी एकात कालवून तुला फसवायचं नाही.

आणि आणखी एक. सगळ्यांना वाटतं मी दौंडला यायला उत्सुक आहे, कारण लहानपणापासून सुट्टी लागली की मी तुझ्याकडं पळत येते. ते खरंच आहे. तुझ्या घरी चुलीपुढं बसून तुझ्याशी बोलत राहावं यापेक्षा मला काही आवडत नाही. पण मला तू हवी आहेस, आत्या. आत्यासाठी तिच्या मुलाशी लग्न करायचं, यात त्या मुलाचं वाटोळं आहे. त्याला अशी बायको मिळावी जी त्याच्यासाठी येईल.

हे मी आबांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगते, आणि यात माझा काय धोका आहे ते मला पुरतं कळतं. तू मामांना एवढंच सांगितलंस की खोबण सापडली, कौल खरा होता, तर वैशाखात माझं लग्न लागेल. आबा माझा शब्द मोडतील, देवाचा मोडणार नाहीत. मी गप्प राहिले असते तर तुला कधी कळलंही नसतं. रविवारी नशिबानं सुटलेही असते. पण मग जन्मभर तुझ्या घरी येऊन तुझ्या हातचं जेवताना तो घास माझ्या घशाखाली उतरला नसता. तुला फसवून मला सुटायचं नाही.

म्हणून एकच मागणं आहे. मामांना सांगून येत्या रविवारचा कौल थांबव. देवाला एकदा विचारून झालंय आणि त्यानं हो म्हटलंय. आता ही माणसं त्याला दुसऱ्यांदा विचारायला निघालीत. मला अजून कुणी एकदाही विचारलेलं नाही, आत्या. आबांनी नाही, आईनं नाही, तूसुद्धा नाही.

तू विचार. प्लास्टर निघालं की ये, नाहीतर मला बोलावून घे. समोर बसवून विचार, मी तुझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणेन. त्यानंतर मला दारात उभी करायची की नाही, ते तू ठरव.

तुझी भाची, आणि जन्मभर भाचीच राहू दे म्हणणारी,

प्रतिभा